परतीच्या वाटेची नोंद

संगणकावरचा एखादा प्रोग्रॅम चालता चालता कोसळतो, तेव्हा तो बहुधा मागे एक यादी ठेवून जातो. कोसळण्याच्या क्षणी जे काम चालू होते त्याचे नाव यादीत सर्वांत वर असते. त्याखाली ते काम ज्याने सांगितले त्याचे नाव, त्याखाली त्यालाही सांगणाऱ्याचे, आणि असे करत करत ती यादी प्रोग्रॅमच्या आरंभापर्यंत जाऊन पोचते. प्रोग्रॅमर हिला 'बॅकट्रेस' म्हणतात. बँकेचा सर्व्हर असो की रेल्वेच्या आरक्षणाची यंत्रणा, मध्यरात्री काही बिघडले तर दुरुस्त करणाऱ्याच्या हाती पुष्कळदा एवढाच पुरावा असतो.

ही यादी इतकी सवयीची झाली आहे, की ती यंत्रात आपोआप तयार होत असावी असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. 'मी कुठून कुठून आलो' याचा इतिहास सांगता यावा अशा रीतीने प्रोसेसर सहसा काही जपत नाही. यादी मागाहून, मेमरीत पडलेल्या आकड्यांवरून उभी करावी लागते. कोणता आकडा म्हणजे काय, हे कोणीतरी आधी लिहून ठेवले असेल तरच ते जमते. ते कोण लिहिते, कोणत्या भाषेत लिहिते आणि लिहिलेले खोटे निघाले तर काय होते, हा या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता तो फार तांत्रिक आहे. पण कृती आणि तिची साक्ष या दोन गोष्टी वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या गेल्या की त्यांचा मेळ कसा राखायचा, हा त्यातला मूळ प्रश्न संगणकाबाहेरच्या माणसालाही परका वाटू नये.

पुरणे आणि उकरणे

मोठे काम लहान कामांत वाटून द्यायचे आणि प्रत्येक लहान काम संपले की जिथून निघालो तिथे परत यायचे, ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. ॲलन ट्युरिंगने १९४५-४६ साली स्वयंचलित गणकयंत्राच्या आराखड्याचा जो अहवाल लिहिला, त्यात परतीचा पत्ता बाजूला ठेवून देण्याच्या आणि पुन्हा काढून घेण्याच्या क्रियांना त्याने 'पुरणे' आणि 'उकरणे' अशा अर्थाची इंग्रजी क्रियापदे वापरली होती. पुढे केंब्रिजच्या एड्सॅक या यंत्रावर, जे १९४९ साली चालू झाले, डेव्हिड व्हीलरने एक युक्ती रूढ केली. उपकाम सुरू होताच ते परतीचा पत्ता स्वतःच्याच शेवटच्या आज्ञेत लिहून टाकी. म्हणजे चालू प्रोग्रॅम स्वतःची संहिता बदलत असे. युक्ती नामी होती, पण परतीच्या पत्त्याला जागा एकच. उपकामाने मध्येच स्वतःला पुन्हा बोलावले तर दुसरा पत्ता पहिल्यावर लिहिला जाई आणि पहिली वाट कायमची बुजे.

यावरचा उपाय म्हणजे ताटांची चळत. नवे ताट वर ठेवायचे, काढताना वरचेच आधी काढायचे. क्लाउस सामेलसोन आणि फ्रीडरिश बाउअर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५७ साली या तत्त्वावर पेटंटसाठी अर्ज केला. १९६० साली एडस्खर डायक्स्ट्राच्या एका निबंधाने आवर्ती कामांसाठी चळतीचा वापर कसा करावा हे नीट मांडले. आज 'स्टॅक' म्हणतात ती हीच. प्रत्येक फंक्शन बोलावले जाताना परतीचा पत्ता चळतीवर ठेवला जातो, फंक्शन आपले तात्पुरते सामान त्यावर रचते, आणि जाताना सामान उचलून पत्ता वाचून परत जाते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. परतीचा पत्ता आणि सामान एकाच चळतीत, एकमेकांत मिसळून पडलेले असतात. आकड्यांवर नावे नसतात. काम सुरळीत चालते कारण प्रत्येक फंक्शनला आपण किती सामान ठेवले हे ठाऊक असते. बाहेरून आलेल्या चौकशी अधिकाऱ्याला मात्र ते ठाऊक नसते. त्याच्यापुढे नुसती आकड्यांची रास असते.

चौकटीचा खांब

चौकशी सोपी करण्याचा जुना मार्ग म्हणजे 'फ्रेम पॉइंटर'. चळतीवरच्या एका फंक्शनच्या वाट्याच्या जागेला 'फ्रेम' म्हणजे चौकट म्हणतात. इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरांत चळतीचा माथा 'आरएसपी' नावाच्या रजिस्टरात असतो. सामान ठेवले-काढले की तो हलतो. म्हणून दुसरे एक रजिस्टर, 'आरबीपी', खांबासारखे स्थिर ठेवायचे असा संकेत पडला. फंक्शन सुरू होताच आधीच्या फंक्शनचा आरबीपी चळतीवर जपून ठेवायचा आणि आरबीपीला आपल्या चौकटीशी उभे करायचे. मग प्रत्येक खांबापाशी आधीच्या खांबाचा पत्ता सापडतो आणि त्याच्या शेजारच्या घरात परतीचा पत्ता. साखळी धरून मागे मागे जात राहायचे, की यादी तयार.

याला दोन प्रकारची किंमत पडते. प्रत्येक फंक्शनला येताना-जाताना दोन-तीन आज्ञा जादा चालवाव्या लागतात, आणि एक रजिस्टर कायमचे अडकून पडते. ३२ बिटी इंटेल प्रोसेसरात सर्वसाधारण रजिस्टरे अवघी आठ; त्यांतली दोन अशी गेली की कंपायलरची ओढाताण होई. ६४ बिटी प्रोसेसरात ती सोळा झाली. पण त्या वेळी ठरलेल्या लिनक्सकडील संकेतांत फ्रेम पॉइंटर ऐच्छिक ठरवला गेला आणि कंपायलरांनी वेगासाठी तो गाळायला सुरुवात केली. खांब गेला, मग वाट कशी सापडणार? उत्तर होते, स्वतंत्र नोंदवही.

टिपांची भाषा

या नोंदवहीचे स्वरूप 'ड्वार्फ' नावाच्या मानकाने ठरवले. प्रोग्रॅमच्या फाइलच्या मांडणीचे नाव 'एल्फ', म्हणून तिच्याबरोबर राहणाऱ्या माहितीचे नाव ड्वार्फ. दोन्ही युरोपीय लोककथांतली माणसे. १९९३च्या सुमारास आलेल्या ड्वार्फच्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात चळत उलगडण्याची माहिती आहे. तिच्यामागची कल्पना एका मोठ्या तक्त्याची आहे. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक आज्ञेसाठी एक ओळ, आणि त्या ओळीत: या क्षणी चौकटीचा पाया कुठे आहे, परतीचा पत्ता कुठे आहे, जपून ठेवलेली रजिस्टरे कुठे आहेत.

असा तक्ता खरोखर लिहिला तर तो प्रोग्रॅमपेक्षाही मोठा होईल. म्हणून फक्त बदल लिहितात. 'इतक्या बाइट पुढे गेल्यावर पाया इतक्या अंतरावर', 'इतके आणखी पुढे, अमुक रजिस्टर तमुक जागी' अशा चिमुकल्या आज्ञांची ती एक वेगळीच संहिता असते. कंपायलर ती स्वतः लिहितो. पण जो मजकूर माणसाने थेट असेंब्लीत लिहिला आहे, त्यासाठी टिपाही माणसालाच लिहाव्या लागतात. त्यांची नावे 'सीएफआय' या अक्षरांनी सुरू होतात. 'कॉल फ्रेम इन्फर्मेशन'चे ते लघुरूप.

एक छोटे उदाहरण घेऊ. चळत मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे वाढते आणि तिचे प्रत्येक घर ८ बाइटचे असते. समजा बोलावणारे फंक्शन बोलावण्याच्या बेतात असताना माथा, म्हणजे आरएसपी, ४००० आहे. हाच आकडा नव्या चौकटीचा पाया मानतात. त्याला 'कॅनॉनिकल फ्रेम ॲड्रेस', थोडक्यात सीएफए, म्हणतात. फंक्शन चालू असेपर्यंत तो बदलत नाही. सगळा हिशेब त्याच्यापासून.

बोलावणे होताच परतीचा पत्ता चळतीवर जातो आणि माथा ३९९२ होतो. या क्षणी नियम असा: पाया म्हणजे माथा अधिक ८, आणि परतीचा पत्ता पायाच्या ८ खाली. फंक्शनची पहिली आज्ञा जुना आरबीपी चळतीवर ठेवते; माथा ३९८४. लगेच दोन टिपा लिहाव्या लागतात: 'सीएफए आता माथ्यापासून १६वर' आणि 'जुना आरबीपी पायाच्या १६ खाली'. दुसरी आज्ञा माथ्याचा आकडा आरबीपीत उतरवते. त्यावर तिसरी टीप: 'यापुढे पाया आरबीपीवरून मोजा'. ३९८४ अधिक १६, म्हणजे पुन्हा ४०००. तिसरी आज्ञा सामानासाठी ३२ बाइट जागा घेते आणि माथा ३९५२ होतो; पण आता टिपेची गरज नाही, कारण मोजणी स्थिर खांबावरून चालली आहे. अखेरीस खांब काढून घेतला की शेवटची टीप: 'पाया पुन्हा माथ्यावरून, ८ अंतरावर'. मग परतणे.

फ्रेम पॉइंटर वापरला तर टिपा थोड्या लागतात, त्या अशा. तो गाळला तर चळतीवर काहीही ठेवा किंवा काढा, दरवेळी अंतराची नवी टीप हवी. खांबावरचा भार टिपांवर येतो.

आता पहिल्याच आज्ञेनंतरच्या टिपा राहून गेल्या असे समजा. फंक्शन बिनचूक चालेल, उत्तर बरोबर देईल, शंभर चाचण्या उत्तीर्ण होईल. पण त्याच्या पोटात असताना कोणी चळत उलगडू लागला, तर जुन्या नियमाने तो पाया ३९८४ अधिक ८, म्हणजे ३९९२ धरेल आणि परतीचा पत्ता ३९८४ला शोधेल. तिथे असेल जुना आरबीपी. मेमरीतल्या सामानाचा पत्ता तो परतीचा पत्ता म्हणून वाचेल आणि जिथे कोणतेही फंक्शन नाही अशा ठिकाणी जाऊन उभा राहील. यादी तिथेच तुटेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीच नावे सांगत राहील.

हाताने लिहिणाऱ्याचे ओझे

असेंब्ली आज कोण लिहितो, असा प्रश्न पडेल. फारच थोडे लोक. पण मोक्याच्या जागी. मजकुराची प्रत करणारी आणि शब्दांची लांबी मोजणारी मूलभूत फंक्शने, कूटलेखन, चित्रफितींची उलगड, ऑपरेटिंग सिस्टिमचा उंबरठा, या ठिकाणी ती अजून हाताने लिहिली जाते. म्हणजे ज्या वाटेवरून जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम जातो, त्याच वाटेवर माणसाच्या हातची टिपणे आहेत.

अशा लेखकाला नेहमी छळणाऱ्या काही जागा आहेत. फंक्शन कधी कधी मध्येच परतते. तिथे खांब काढला, टीप लिहिली, परतलो. पण संहितेत त्याच्या खालच्या ओळी दुसऱ्या वाटेने येणाऱ्यासाठी असतात आणि त्याच्यासाठी खांब अजून उभाच असतो. टिपा मात्र वरून खाली वाचल्या जातात. त्यांना वाटा कळत नाहीत. म्हणून परतण्याआधी 'ही स्थिती लक्षात ठेव' आणि परतल्यानंतर 'ती पुन्हा लागू कर' अशी टिपांची जोडी आहे. ती विसरली की फंक्शनचा अख्खा उत्तरार्ध चुकीचा नोंदला जातो. सी भाषेच्या पोटात दोन ओळी असेंब्ली घालून चळत हलवली, तर कंपायलरच्या टिपा त्याच्या नकळत खोट्या होतात.

ग्लिबसी या लिनक्सवरील मूळ ग्रंथालयात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. परतीचा पत्ता नेहमी बोलावण्याच्या आज्ञेनंतरचा असतो. बोलावणे हीच फंक्शनची शेवटची आज्ञा असेल तर तो पत्ता पुढच्या फंक्शनच्या हद्दीत पडेल, म्हणून उलगडणारा त्यातून १ वजा करून शोध घेतो. पण प्रोग्रॅमला अचानक 'सिग्नल' येतो तेव्हा कर्नल परतीचा पत्ता म्हणून एका छोट्या हस्तलिखित फंक्शनचा आरंभच देऊन ठेवतो. त्यातून १ वजा केले की फंक्शनच्या बाहेर. म्हणून त्या फंक्शनच्या आधी काहीच न करणारी एक आज्ञा मुद्दाम ठेवलेली आहे. ती कधीच चालत नाही. उलगडणाऱ्याचा पाय घसरू नये एवढ्यासाठीच ती तिथे आहे.

चुकीच्या टिपेची झळ केवळ चौकशीला लागते असेही नाही. सी++ भाषेत अडचण आली की 'एक्सेप्शन' उठते आणि तिला हाताळणारा कोणी वर आहे का, हे याच टिपा वाचून शोधले जाते. वाटेत एका जरी फंक्शनची नोंद नसेल, तर पलीकडे हाताळणारा तयार असूनही प्रोग्रॅम संपवला जातो. शिवाय एक्सेप्शन बहुतेक करून बोलावण्याच्या ठिकाणीच उठते, त्यामुळे तिथल्या टिपा बरोबर असल्या तरी भागते. वेळ कुठे जातो हे मोजणारी 'प्रोफायलर' साधने मात्र कोणत्याही क्षणी, कोणत्याही आज्ञेवर प्रोग्रॅम थांबवून वाट विचारतात. त्यांच्यासाठी प्रत्येक आज्ञेची टीप खरी असावी लागते.

विंडोजच्या ६४ बिटी पद्धतीने या बाबतीत वेगळी शिस्त लावली. तिथे फंक्शनच्या सुरुवातीचीच नोंद असते. शेवट ठरावीक आज्ञांनीच करायचा असा नियम आहे, म्हणजे उलगडणारा आज्ञा पाहूनच शेवट ओळखतो. लेखकाचे स्वातंत्र्य थोडे कमी, पण चुकायला जागाही कमी.

साक्षीवर विश्वास कुणाचा?

या प्रश्नावर लिनक्सच्या कर्नलमध्ये मोठा वाद झाला. ड्वार्फच्या टिपा वाचणारा उलगडक २००६ साली कर्नलमध्ये घेतला गेला आणि काही महिन्यांतच काढून टाकला गेला. लिनस टोरवाल्ड्सचा आक्षेप व्यवहारी होता. कर्नल कोसळतो त्या क्षणी, आधीच मोडलेल्या घरात, चुकू शकणाऱ्या टिपांवर विसंबणारे गुंतागुंतीचे यंत्र चालवायचे. तेच आणखी कोसळले तर मूळ दुखणे कधी कळणारच नाही. भाषा जितकी बोलकी, तितका धोका अधिक. ड्वार्फच्या टिपा इतक्या समर्थ आहेत की त्यांत कोणतीही आकडेमोड लिहिता येते. केवळ या टिपा बदलून प्रोग्रॅमकडून वाटेल ते करवून घेता येते, हे जेम्स ओकली आणि सर्गेई ब्राटुस यांनी २०११ साली दाखवून दिले.

पण फ्रेम पॉइंटरचीही किंमत होती. कर्नलच्या कागदपत्रांतल्या आकड्यांप्रमाणे त्याने कर्नलची संहिता सुमारे ३.२ टक्क्यांनी वाढते आणि काही कामांचा वेग ५ ते १० टक्क्यांनी मंदावतो. २०१७ साली, ४.१४ या आवृत्तीत, जॉश पॉइंबॉफ यांनी तिसरा मार्ग आणला: 'ऑर्क'. ऑर्क हे ड्वार्फांचे हाडवैरी. नाव अर्थातच जाणूनबुजून घेतलेले. त्याची नोंद अगदी साधी असते: माथा कुठे, खांब कुठे, बस्स. मेमरी ती अधिक घेते, पण वाचायला फार जलद आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही नोंद कोण करतो ही. 'ऑब्जटूल' नावाचे साधन तयार झालेली यंत्रसंहिता स्वतः वाचते, प्रत्येक वाट चालून पाहते आणि चळत कुठे किती हलली हे पाहून तक्ता बनवते. साक्ष लेखकाच्या शब्दावर न घेता कृतीवरूनच घेतली जाते. मार्गात विसंगती आढळली तर तक्रारही केली जाते. तरीही कर्नलच्या उंबरठ्यावर, जिथे चळतच बदलली जाते अशा काही ठिकाणी, या साधनालाही अंदाज येत नाही आणि तिथे माणसाला हाताने सूचना लिहावीच लागते. टिपा पुष्कळ कमी झाल्या, संपल्या नाहीत.

खांब परत उभा राहतो

कर्नलबाहेर वाऱ्याची दिशा उलटी फिरली. प्रोफायलरला ड्वार्फच्या आधारे वाट काढायची तर दर नमुन्याला चळतीचा मोठा तुकडा, लिनक्सच्या 'पर्फ' साधनात एरवी ८ किलोबाइट, उचलून ठेवावा लागतो आणि नंतर उलगडावा लागतो. सेकंदाला हजारो नमुने घ्यायचे तर हे परवडत नाही. म्हणून फेडोराने बऱ्याच वादानंतर, आधी नाकारलेला प्रस्ताव पुन्हा घेऊन, २०२३ सालच्या ३८व्या आवृत्तीत सगळे प्रोग्रॅम फ्रेम पॉइंटरसह बांधायचे ठरवले. २०२४ साली उबुंटूने २४.०४ या आवृत्तीत तेच केले. बहुतेक कामांत वेग एक-दोन टक्क्यांनी घटतो. त्या बदल्यात कोणत्याही क्षणी, कोणत्याही प्रोग्रॅमला 'तू कुठून आलास' असे विचारता येते. नंतरचे वेग वाढवण्याचे काम यातूनच होते, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे. ज्यांना काही अधिक बोलकी पण साधी नोंद हवी, त्यांच्यासाठी 'एसफ्रेम' नावाचे नवे स्वरूपही आता आले आहे.

यातही हस्तलिखित असेंब्लीचा प्रश्न उरतोच. कंपायलरला एक सूचना दिली की लाखो फंक्शने खांब उभारतील. असेंब्लीतले फंक्शन उभारणार नाही. ते कोणी तरी उघडून, समजून घेऊन बदलावे लागेल.

या साऱ्या इतिहासात पुन्हा पुन्हा एकच पेच दिसतो. परतीची वाट जवळ बाळगली तर दर पावलाला ओझे. वेगळी लिहून ठेवली तर ओझे नाही, पण लिहिलेले खरे आहे याची हमीही नाही. चुकीची आज्ञा लगेच उघडी पडते, कारण उत्तर चुकते. चुकीची टीप वर्षानुवर्षे निमूट पडून राहते आणि तिची पहिली परीक्षा नेमकी अपघाताच्या दिवशी होते. म्हणूनच जाणते असेंब्लीकार चळत हलवणारी आज्ञा लिहिली की पुढची आज्ञा लिहिण्याआधी तिची टीप लिहितात. त्या टिपेने प्रोग्रॅम एका क्षणानेही जलद होत नाही आणि तो नीट चालला तर ती कोणी वाचणारही नाही. ती लिहिलेली असते प्रोग्रॅम कोसळल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसासाठी.